पैसे भरून फुकट शिकवायला जायचं?

पत्र थोडक्यात असं: वय २९, पुणे. विमा कंपनीत अकाउंट्स बघते, काम जमतं पण जीव रमत नाही. मागच्या वर्षी ठरलेलं लग्न मोडलं, तेव्हापासून घरात कोंडल्यासारखं होतंय. मैत्रिणीने केनियातला एक व्हॉलंटियर टीचिंगचा प्रोग्रॅम सुचवला. किसुमूजवळच्या प्रायमरी शाळेत सहा आठवडे, जुलैच्या शेवटापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि त्यात आठवड्यातले दोन दिवस अनाथाश्रमात. फी १ लाख ४० हजार, विमानाचं तिकीट वेगळं. 'अनुभवाची गरज नाही, फक्त प्रेमळ मन हवं' असं माहितीपत्रकात लिहिलंय. बाबा म्हणतात, पैसे भरून फुकट काम करायला कोण जातं? आई म्हणते, आफ्रिकेत, त्या लोकांत, एकटी मुलगी? "ताई, मला माणूस म्हणून वाढायचंय आणि त्या मुलांसाठीही काहीतरी करायचंय. हे स्वार्थी आहे का? आईबाबांना कसं पटवू? डिपॉझिट १५ तारखेपर्यंत भरायचंय."

प्रिय मैत्रिणी,

स्वार्थी आहे का, तर हो, थोडं आहे. आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. जो कुणी फुकट शिकवायला जातो त्याला त्यातून काहीतरी हवंच असतं, कुणाला समाधान, कुणाला सीव्हीवर एक ओळ, कुणाला घरापासून लांब जायला एक चांगलं कारण. तू निदान ते पत्रात उघड लिहिलंस, हे मला आवडलं. मला प्रश्न वेगळा पडतो. तुझ्या वाढीचा खर्च तू करणार, ठीक आहे, पण त्यातला काही खर्च नकळत त्या वर्गातल्या पोरांच्या माथी पडत नाहीये ना? तुझा प्रोग्रॅम मी याच एका चाळणीतून बघितला, आणि आहे तसा तो मला पटलेला नाही.

सगळ्यात आधी तारखा. केनियाचं शाळेचं वर्ष जानेवारीत सुरू होतं, तीन टर्म असतात आणि एप्रिल, ऑगस्ट, आणि मग वर्षाच्या शेवटी अशा सुट्ट्या असतात. म्हणजे तू ज्या सहा आठवड्यांचे पैसे भरणार आहेस त्यातला ऑगस्टचा मोठा भाग शाळा बंदच असणार! आता हे तुला त्यांनी सांगितलं नाही, की त्यांनाच माहीत नाही, की सुट्टीत पोरांना गोळा करून एक वर्ग 'भरवून' दाखवतात? तिन्हीपैकी काहीही असलं तरी मला ते बरं वाटत नाही. (ऑगस्टमध्येच केनियाला जायचं असेल तर मसाई माराच्या अभयारण्यात जा बाई, वाइल्डबीस्टचे कळप साधारण जुलै ते ऑक्टोबर तिथे असतात. खरंच सांगतेय. फक्त इथून काही दिवस लांब जायचं असेल तर सरळ टुरिस्ट म्हणून जावं, त्यासाठी कुठल्या वर्गात उभं राहावं लागत नाही.)

दुसरी गोष्ट, आणि ही जरा सविस्तर सांगते. तुझ्या पत्रात, आणि त्या माहितीपत्रकात तर जास्तच, असं गृहीत धरलंय की तिथे शिकवायला कुणी नाही म्हणून तुझी गरज आहे. केनियात २००३ साली सरकारी प्रायमरी शिक्षण मोफत झालं आणि एका झटक्यात दहा लाखांच्या वर नवीन मुलं शाळेत आली, पुढच्या वर्षी किमानी मारुगे नावाचे ८४ वर्षांचे आजोबासुद्धा पहिलीच्या वर्गात येऊन बसले. वर्ग तुडुंब भरले हे खरंय. पण ट्रेनिंग झालेले शिक्षक तिथे कमी नाहीत, कमी आहेत त्या पगारी जागा. तिथे टीचर्स सर्व्हिस कमिशन म्हणजे टीएससी नावाची सरकारी यंत्रणा शिक्षक नेमते, आणि टीएससीचं रजिस्ट्रेशन करून नोकरीची वाट बघत बसलेल्यांची संख्या लाखांत आहे. म्हणून शाळांचं व्यवस्थापन मंडळ बऱ्याचदा पालकांच्या पैशातून तुटपुंज्या पगारावर स्वतःच शिक्षक नेमतं, त्यांना तिथे बीओएम टीचर म्हणतात. ओळखीचं वाटतंय ना? आपल्याकडे डीएड-बीएड करून वर्षानुवर्षं भरतीची वाट बघणारी मुलं तुझ्याही नात्यात असतील. उद्या एखादी परदेशी मुलगी पैसे भरून त्यांच्या गावच्या शाळेत सहा आठवडे शिकवायला आली, तीही 'अनुभव नाही पण मन प्रेमळ आहे' असं सांगत, तर त्यांना काय वाटेल?

आणि चांगले शिक्षक म्हणशील तर ग्लोबल टीचर प्राइझ २०१९ साली पीटर ताबिची यांना मिळालं, नाकुरू भागातल्या एका खेड्यातल्या शाळेत गणित आणि विज्ञान शिकवणारे शिक्षक. शाळेत कॉम्प्युटर एक, नेट धड नाही, आणि त्या शाळेची मुलं अमेरिकेतल्या आंतरराष्ट्रीय सायन्स फेअरला पोचली होती, शिवाय हा माणूस पगारातला बराचसा भाग वाटून टाकायचा. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०२० ला, ते बक्षीस आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या झेडपी शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींना मिळालं. डिसले गुरुजींच्या शाळेत जाऊन तू "मी शिकवते, तुम्ही बसा" म्हणशील का? नाही ना. मग किसुमूला का म्हणावंसं वाटतं, याचा जरा विचार कर. तुला टोमणा मारत नाहीये, हा विचार आपल्या सगळ्यांच्या डोक्यात कुठून तरी येऊन बसलेला आहे.

माझ्या ओळखीतली एक मुलगी त्याच पट्ट्यात एका शाळेत गेली होती, तिने सांगितलेलं तुला सांगते. ग्रेड फोरचा वर्ग, एका बाकावर चार-चार पोरं. तिने इंग्लिशमध्ये अपूर्णांक समजावले, फळ्यावर छान गोल काढून त्याचे भाग रंगवले वगैरे, आणि विचारलं, अंडरस्टूड? अख्खा वर्ग एका सुरात, "येस टीऽऽचर!" अगदी आपल्या झेडपी शाळेत साहेब तपासणीला आले की "समजलं का?" ला जसं "होऽऽ" येतं तसं. ही खूश. तास संपल्यावर तिथल्या मॅडमनी शांतपणे तोच प्रश्न धोलुओमध्ये विचारला, तिकडची बोली, तर तीन हात वर आले. तिथे पहिली ते तिसरी परिसरातल्या भाषेत शिकवायचं असं धोरण आहे आणि चौथीपासून माध्यम इंग्लिश होतं, म्हणजे ती पोरं नेमकी त्या उंबरठ्यावर होती आणि त्यात हिचं भारतीय इंग्लिश. मुलं तिला खोटं बोलली नव्हती, मोठ्यांना "नाही समजलं" म्हणायचं नसतं एवढंच त्यांना शिकवलेलं होतं. त्यानंतर तिने फळा सोडला. मागच्या बाकावर बसायला लागली, वह्या तपासायच्या, आणि वाचनात मागे पडलेली पाच-सहा पोरं मॅडम निवडून द्यायच्या त्यांना घेऊन व्हरांड्यात बसायचं, रोज, तीच पोरं. ती म्हणते, मी जे काय शिकले ते त्या मागच्या बाकावर, कारण एवढ्या पोरांना एकाच वेळी कसं सांभाळतात ते तिथून दिसत होतं.

तुला हवी असलेली वाढ मला याच्यात दिसते. तिथे गेल्यावर सुरुवातीचे बरेच दिवस तू कुणाच्याच उपयोगाची नसणार, भाषा येणार नाही, घड्याळसुद्धा चुकणार (स्वाहिलीत तास सकाळी सहापासून मोजतात, म्हणजे आपले सात वाजले की त्यांचा एक वाजतो, मग भेटायची वेळ ठरवताना जी काय धमाल होते!), कुठल्याही कामाआधी सावकाश रामराम-ख्यालीखुशाली करावी लागणार. ऑफिसात सगळं येणारी बाई तिथे पाचवीच्या पोराकडून उच्चार दुरुस्त करून घेणार. हे सहन झालं, आणि तरीही दुसऱ्या दिवशी वेळेवर शाळेत गेलीस, की त्यातून माणसात काहीतरी बदलतं. पण त्यासाठी सहा आठवडे फार कमी आहेत. सहाव्या आठवड्यात जेमतेम पोरांची नावं पाठ होतात आणि तेव्हा तू सामान बांधत असतेस.

अनाथाश्रमाचं मात्र मी ठामपणे सांगते, तिथे जाऊ नकोस. अशा संस्थांमध्ये राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, किंवा दोघेही, हयात असतात. गरिबीमुळे पोर तिथे दिलेलं असतं, आणि परदेशी व्हॉलंटियरची फी येत राहिली की पोरांना घरी परत पाठवण्यात कुणाला रस उरत नाही. ऑस्ट्रेलियाने २०१८ च्या आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याच्या वेळी या प्रकाराची दखल घेतली, केनिया सरकारनेही २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली होती. आणि हे सगळं बाजूला ठेव, दर महिन्या-दोन महिन्याला एक नवीन ताई येते, कडेवर घेते, लळा लावते आणि जाते, हे त्या पोराला किती वेळा सोसायला लावायचं? तुझं लग्न मोडलं तेव्हा एका माणसाच्या जाण्याने काय होतं ते तू बघितलंयस, म्हणून मुद्दाम लिहितेय.

आता आईचं 'त्या लोकांत'. हे वाक्य तू पत्रात लिहिलंस पण त्यावर काही बोलली नाहीस. आईची काळजी खरी आहे, तिच्या शब्दांत मात्र बाकीचंही बरंच काही आहे, आणि ते फक्त तिच्यात नाही. आपल्या पुण्यातच आफ्रिकेतून आलेले कितीतरी विद्यार्थी राहतात, त्यांना घर भाड्याने मिळवताना काय काय ऐकून घ्यावं लागतं ते एकदा त्यांनाच विचार. आणि तिकडे तू काय असशील? गोरी नसल्यामुळे तू 'मझुंगू' नाहीस, तू 'मुहिंदी', म्हणजे भारतीय. १८९६ पासून मोंबासाहून आत रेल्वे टाकायला हजारो भारतीय मजूर नेले, मग व्यापारी गेले, दुकानं, कारखाने उभे राहिले, २०१७ साली तर केनियाने तिथल्या आशियाई लोकांना देशाची ४४ वी जमात म्हणून मान्यता दिली. पण रोजच्या व्यवहारात बऱ्याच लोकांची मुहिंदीशी ओळख म्हणजे दुकानाचा मालक नाहीतर घरकाम देणारी मॅडम. म्हणजे तू पुण्याची मध्यमवर्गीय नोकरदार मुलगी म्हणून जाशील आणि तिथे पोचल्यावर तुला कळेल की आपण मालकवर्गात मोडतो. लोक आदराने बोलतील, पण मनातलं लगेच बोलणार नाहीत. हे आधीच माहीत असलं तर वाईट वाटणार नाही, उलट बघण्यासारखं बरंच मिळेल.

बाबांच्या प्रश्नाकडे येते. पैसे भरून फुकट काम, हे ते बरोबरच बोलतायत. त्यांना 'सेवा' म्हणून पटवायला जाऊ नकोस, त्यांना ते पटणार नाही आणि तुलाही पूर्ण पटलेलं नाही. सांग की मी एक कोर्स केल्यासारखं जातेय, त्याची ही फी, यातून मला हे शिकायचंय. आणि मग त्या १ लाख ४० हजारांचा हिशोब स्वतः माग, अकाउंट्सची मुलगी ना तू! राहण्या-जेवणाचे किती, एजन्सीचे किती, शाळेच्या खात्यात नक्की किती जातात आणि त्याची पावती मिळते का. या प्रश्नाला सरळ उत्तर देणाऱ्या संस्था असतात. जी गोलगोल बोलते तिचा नाद सोड. बाकी सोयीचं म्हणशील तर मुंबईहून नैरोबीला थेट विमान आहे, नैरोबीत आपलं हायकमिशन आहे, महाराष्ट्र मंडळसुद्धा आहे, जायच्या आधी कुणाशी तरी बोलून ठेवता येईल. आणि व्हेज असशील तर जेवणाची चिंता नको, एनडेंगू म्हणजे मूगच, बरोबर चपाती मिळते, शाळेत गिथेरी असते, मका आणि घेवड्याचं. सुकुमा विकी नावाची पालेभाजी तर रोजच ताटात पडेल.

मग करायचं काय? जाऊ नकोस असं मी म्हणत नाहीये. 'आधी आपल्याकडची पोरं शिकवा' हेही म्हणणार नाही, ते म्हणणारे सहसा दोन्हीकडची शिकवत नाहीत. मी म्हणते ऑगस्ट सोड आणि पुढच्या जानेवारीची टर्म धर, जमलं तर पूर्ण टर्म, म्हणजे तीन महिने. बिनपगारी रजा मिळते का बघ, नाहीच मिळाली तर नोकरी सोडायची की नाही हा वेगळा प्रश्न आहे आणि तो केनियाच्या आडून सोडवू नकोस. मधल्या काळात इथे शिकवून बघ, एकदाच मोठ्या उत्साहात नको, दर शनिवारी, तीच मुलं, सलग काही महिने. वस्तीतला अभ्यासवर्ग असेल, कॉर्पोरेशनची शाळा असेल. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात कंटाळा येतो, पोरं येत नाहीत, आपलाही शनिवार मोडतो. तेव्हाही जावंसं वाटलं तर शिकवणं हे तुझं काम आहे, नाही वाटलं तर ते इथेच कळलेलं बरं, बसभाड्यात कळलं.

त्याच काळात एक पद्धत नीट शिकून घे. मुंबईत १९९५ ला सुरू झालेल्या 'प्रथम'ने वस्त्यांमध्ये काम करता करता मुलांना इयत्तेप्रमाणे नाही तर ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे गटात बसवून शिकवायची रीत बसवली. मुलाला अक्षर, शब्द, छोटा उतारा, गोष्ट यातलं काय वाचता येतं ते काही मिनिटांत तोंडी बघायचं आणि तिथून पुढे न्यायचं. हीच पद्धत आज झांबिया, आयव्हरी कोस्ट, नायजेरियासारख्या देशांत वापरतात, आणि बघ, ती वर्गात राबवतात ते तिथलेच लोक, झांबियात तर सरकारी शिक्षकच. महाराष्ट्रातून आफ्रिकेत खरोखर उपयोगी असं काही गेलं असेल तर त्यात हे नक्की येतं. तुला हे येत असेल तर व्हरांड्यात पाच पोरं घेऊन बसल्यावर काय करायचं हा प्रश्न पडणार नाही, आणि तू निघालीस तरी मॅडमना ते पुढे चालू ठेवता येईल.

स्वाहिली इथेच सुरू कर, पुण्यात शिकणाऱ्या एखाद्या केनियन किंवा टांझानियन मुलीला रीतसर फी देऊन. मैत्री म्हणून फुकट नको, शिकवणीचे पैसे दे. आईला त्या मुलीला एकदा जेवायला बोलवायला सांग, माझ्या शंभर वाक्यांनी जे होणार नाही ते कदाचित त्या एका जेवणात होईल. आणि एक तुझ्या लक्षात आलं नसेल, तुझा खरा हुन्नर हिशोबाचा आहे. छोट्या शाळांत फीची वही, जेवणाचा खर्च, देणग्या, सगळं एखादा शिक्षकच वर्ग सांभाळून बघत असतो. हेडमास्तरांना हवं असेल तर, त्यांना हवं असेल तरच, दुपारी तासभर बसून ते नीट लावायला मदत कर. त्याने एखाद्या शिक्षकाचा वेळ मोकळा झाला तर तो वर्गालाच मिळतो. फोटोला चांगलं दिसणार नाही, पण चालेल. फोटोवरून आठवलं, पोरांचे फोटो सोशल मीडियावर टाकायचे नाहीत. आपल्या भाच्याचा फोटो शाळेने न विचारता टाकला तर आपण भांडायला जातो ना.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते, बाकीच्यांनाही लागेल. २०२४ पासून केनियाला जाताना ईटीए, म्हणजे प्रवासाची ऑनलाइन परवानगी, काढावी लागते, पण पर्यटक म्हणून जाऊन शाळेत काम करणं, बिनपगारी असलं तरी, चालत नाही, त्यासाठी वेगळा पास किंवा परमिट लागतं आणि ते बोलावणाऱ्या संस्थेने करून द्यायला हवं. 'टुरिस्ट म्हणूनच या, कोण विचारतंय' असं म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. यलो फीव्हरची लस जायच्या किमान दहा दिवस आधी सरकारमान्य केंद्रात घ्यायची, कार्ड नसेल तर परत येताना आपल्याच विमानतळावर अडकवून क्वारंटाइन करतात. किसुमू तळ्याकाठी आहे, मलेरिया भरपूर, तेव्हा गोळ्यांचं डॉक्टरांशी बोल, नैरोबी उंचावर आहे म्हणून तिथे राहणारे "काही लागत नाही" म्हणतील, त्यांचं ऐकू नकोस. इन्शुरन्सचं तुला मी काय सांगणार.

आणि ज्यांना हे शिक्षणाचं काम जरा लांबच्या पल्ल्याने करायचंय त्यांनी यूएन व्हॉलंटियर्सच्या जागा बघत राहाव्या, तिथे फी भरायची नसते, उलट राहण्याखाण्यापुरता भत्ता मिळतो, पण अनुभव विचारतात. अनुभव विचारणारी जागा न विचारणारीपेक्षा बरी.

तेव्हा १५ तारखेला डिपॉझिट भरू नकोस. त्याऐवजी त्यांना एक मेल टाक: ऑगस्टमध्ये शाळा चालू आहे का, मी वर्गात असताना वर्गशिक्षक कुठे असतील, माझ्या आधी तिथे कोण होतं आणि नंतर कोण येणार, पास कोण काढून देणार, फीतले किती पैसे शाळेला जातात, अनाथाश्रम वगळून येता येईल का, आणि मुलांसोबत काम करायचंय तर माझं पोलीस क्लिअरन्स तुम्ही का मागितलं नाहीत. शेवटच्या प्रश्नाला काय उत्तर येतं ते मला नक्की कळव.

तुझी,
ताई